महालक्ष्मीची पंगत: पन्नास पानांचा स्वयंपाक, मिठाच्या मापासकट

भाद्रपदातल्या महालक्ष्मीचा, म्हणजे ज्येष्ठा गौरींचा, स्वयंपाक चाखून पाहता येत नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेवर काही ठेवायचं नाही, आणि आरती झाली की लगेच पंगत बसते. कढीत मीठ कमी पडलं हे कळतं तोवर पन्नास द्रोण भरून झालेले असतात. रोजच्या पाच-सहा माणसांच्या भांड्याला हात सरावलेला असतो, तिथे अंदाज चालतो. वीस लिटरच्या गंजापुढे तोच हात फसतो. म्हणून खाली सगळं वजनात दिलंय, मीठसुद्धा. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे 5 ते 6 ग्रॅम. तरीही घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातूनच मीठ 50-50 ग्रॅमच्या पुड्यांत बांधून आणा. सगळ्यांत सोपं तेच पडतं.

बेत असा धरलाय: पुरणाची पोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची मिसळ भाजी, कढी, डाळीचे वडे, पंचामृत, साधं वरण, भात, काकडीची कोशिंबीर. कांदा-लसूण कशातच नाही. वड्यांबरोबर भजेही करायचा मोह होतो, तो आवरा. तळण म्हटलं की एक चूल आणि एक माणूस दोन तास अडकतो, आणि जेवणाऱ्याला त्या दिवशी पोळीपुढे दुसरं तळण जात नाही. पहिल्या दिवशीची भाजी-भाकरी आणि मखरातला फुलोरा यांचा हिशेब वेगळा. करंज्या, पापड्या, वेणी-फणी हे सगळं आवाहनाच्या दोन दिवस आधीच तळून डब्यात बंद झालेलं असावं.

किती आणायचं

- पुरण: चणा डाळ 4 किलो, गूळ 4 किलो (किंवा गूळ 3 आणि साखर 1), वेलची 20 ग्रॅम, जायफळं 2
- पोळी: कणीक 3 किलो 200 ग्रॅम, तेल 300 ग्रॅम, लाटायला तांदळाची पिठी 500 ग्रॅम, वाढायला तूप दीड किलो
- आंबील: ज्वारी 1 किलो (कांडून-चाळून 750 ग्रॅम रवा मिळतो), आंबट ताक दीड लिटर, सुकं खोबरं 150 ग्रॅम
- मिसळ भाजी: सोळा भाज्या, प्रत्येकी 200 ते 250 ग्रॅम
- कढी: आंबट दही 3 किलो, बेसन 300 ग्रॅम
- वडे: चणा डाळ 500, तूर डाळ 250, मूग डाळ 250, उडीद डाळ 150 ग्रॅम, तळायला तेल 3 लिटर
- वरण-भात: तूर डाळ सव्वा किलो, तांदूळ साडेतीन किलो
- पंचामृत: हिरव्या मिरच्या 250, चिंच 150, गूळ 300, शेंगदाण्याचा कूट 150, तिळाचा कूट 100, खोबरं 100 ग्रॅम

पोळीचा हिशेब माणशी दोन. कमी वाटेल, पण महालक्ष्मीत गावातल्या अर्ध्या घरी तोच बेत असतो आणि जेवायला सांगितलेल्या सवाष्णी एका संध्याकाळी दोन-तीन उंबरे करून येतात. शेतावरून दमून आलेल्या गड्यामाणसांची पंगत असेल तर मात्र चार किलोच्या ठिकाणी पाच किलो डाळ घाला, गूळ-कणीकही त्याच प्रमाणात.

भांडी आधी तपासा

कपाटावरचा पितळी गंज वर्षातून एकदाच खाली येतो. त्याची कल्हई उडालेली असेल तर त्यात आंबील, कढी किंवा पंचामृत करू नका. ताक आणि चिंचेतलं आंबट पितळेतलं तांबं ओढून घेतं, पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. कल्हईवाला सापडत नसेल तर त्या गंजात वरणाचं पाणी तापवा, आंबट पदार्थ स्टीलमध्ये. ॲल्युमिनियमच्या डेगेलाही हेच लागू.

वाटण मिक्सरवर करणार असाल तर लाइन कधी जाते ते लक्षात घेऊन वेळ ठरवा. वड्याची डाळ भिजून तयार आहे आणि संध्याकाळपर्यंत वीज नाही, अशी गत झाली की ती डाळ आंबते. पाटा-वरवंटा धुऊन हाताशी ठेवाच.

वेळ आरतीपासून उलटी मोजा

आरती साडेसातला असेल तर शेवटची पोळी सातला तव्यावरून उतरायला हवी. एक पुरणाची पोळी नीट भाजायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. शंभर पोळ्या एका तव्यावर म्हणजे साडेचार-पाच तास. महालक्ष्मीचा उशीर बहुतेक घरी इथेच होतो, आणि दोष मात्र पुरणाला दिला जातो. दोन तवे, लाटायला दोघी-तिघी, भाजायला दोघी, असं बसलात तर अडीच तासांत काम होतं. म्हणजे साडेचारला लाटायला बसायचं, साडेतीनपर्यंत पुरण पूर्ण निवलेलं हवं, आणि त्यासाठी डाळ सकाळी दहाच्या आत चुलीवर चढली पाहिजे. बाकी सगळे पदार्थ या एका रेषेच्या आजूबाजूला बसवा: आंबील सकाळीच, कारण ती गारच वाढायची, पंचामृत दुपारी, भाज्या चारला, कढी सहाला, वरण आणि भात शेवटी. वडे सवासहाच्या आधी तळू नका.

पुरण

डाळ तीन ते चार तास भिजवा. चार किलो एकदम शिजवता येईल, पण चार किलोचं पुरण एकदम आटवू नका. दहा-अकरा किलोचा तो गोळा सराट्याने ढवळणं एकट्याच्या हाताबाहेर जातं, आणि ढवळणं थांबलं की तळ लागतो. दोन-दोन किलोचे दोन घाणे करा.

डाळीच्या तिप्पट पाणी आधी उकळून घ्या, त्यात डाळ सोडा, चमचाभर तेल आणि चमचाभर हळद घाला. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद असेल तर अर्धा चमचा पुरे, तिचा रंग गडद उतरतो. पहिल्या उकळीला येणारा फेस काढून टाका, नाहीतर गंज उतू जाऊन चूल विझते. डाळ झाली की नाही ते चिमटीत धरून पाहा: दाणा अख्खा दिसावा, पण दाबताच मेणासारखा सपाट व्हावा आणि मधे पांढरा कण राहू नये. कण राहिला तर अजून दहा मिनिटं. गूळ घातल्यावर डाळ पुढे शिजत नाही, ती तशीच टणक राहते आणि तोच कण नंतर पोळी फाडतो. जुनी डाळ किंवा बोअरचं जड पाणी असेल तर डाळ शिजायला दुप्पट वेळही घेते. अशा वेळी विहिरीचं किंवा पावसाचं गाळलेलं पाणी वापरून बघा.

शिजलेली डाळ चाळणीत किंवा स्वच्छ टोपल्यात ओता आणि पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. खाली उतरलेला कट पाच-सहा लिटर भरेल, तो फेकू नका. निथळायची ही पंधरा मिनिटं घाईत वाचवली की पुढे आटवताना चाळीस जातात.

आता गूळ. भाद्रपदात हवा ओली असते आणि भेली पाझरलेली असते, म्हणून गूळ किसून सुपात पसरा आणि हाताला लागेल इतका ओला असेल तर त्यातला चौथा भाग काढून तेवढी साखर घ्या. साखरेचं पुरणही गरम असताना पातळ होतं, पण निवल्यावर गुळापेक्षा घट्ट बसतं. विदर्भात पुष्कळ घरी पुरण निम्म्या साखरेचंच करतात, त्याला हेही एक कारण आहे. डाळ आणि गूळ जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा. पहिली दहा मिनिटं सगळं पातळ होईल, घाबरू नका. पुढे ते दाटत जातं, फदफद उडायला लागतं. या वेळी हाताला फडकं गुंडाळा, पुरणाचा चटका खोल जातो. सराटा मधोमध उभा करून सोडा. तो पडला नाही आणि कढईच्या कडेने पुरण सुटून आलं की उतरवा. दोन किलोच्या घाण्याला अर्धा तास धरा. निवल्यावर ते आणखी घट्ट होणार आहे, म्हणून चुलीवर असतानाच गोळा वळेपर्यंत आटवलंत तर नंतर कोरडं फुटेल.

पुरणयंत्रातून गरम असतानाच काढा. निवलेलं पुरण यंत्रात अडकतं आणि दांडा फिरवणाऱ्याचा खांदा जातो. वेलची-जायफळ वाटल्यावर घाला, दोन किलोला 10 ग्रॅम वेलची आणि एक जायफळ.

सैल झालं तर: परत कढईत, मंद आच, पंधरा मिनिटं. त्यात बेसन किंवा कणीक घालून घट्ट करू नका, कच्चट चव राहते आणि चाखता येत नसल्याने तुम्हाला ती कळणारही नाही. कोरडं झालं तर: कपभर गरम दूध शिंपडून मळा. पुरण झाकताना जाड कपडा वापरा, ताटली नको. ताटलीची वाफ परत पुरणावर ठिबकते.

पोळ्या

कणकेत 20 ग्रॅम मीठ घालून रोजच्या पोळीपेक्षा बरीच सैल भिजवा आणि तेलाचा हात लावत दोन तास झाकून ठेवा. कणीक बोटाने ओढली की तुटायच्या आधी लांब ताणली गेली पाहिजे. 45 ग्रॅमच्या कणकेत 100 ग्रॅम पुरण जातं, आणि आपल्याकडची पोळी अशी भरगच्चच हवी. कणकेच्या कडा राहिलेली पोळी पाहुण्याच्या पानावर वाढू नये. पहिले दोन-तीन उंडे वजन करून बघा, मग हाताला माप कळतं.

उंडा पिठीत घोळवून आधी बोटांनी दाबा, पुरण कडेपर्यंत सरकू द्या, मग हलक्या हाताने लाटा. पोळी फाटत असेल तर कारण शोधून काढा. एकाच जागी फाटते, तर पुरणात डाळीचा कण आहे. सगळीकडून फाटते, तर कणीक घट्ट आहे. लाटताना पुरण बाहेर ओघळतं, तर ते अजून कोमट आहे, पंख्याखाली ठेवा. तवा जाड लोखंडी, आच मध्यम. एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग उलटा, वारंवार फिरवलेली पोळी कडक होते. गळलेलं पुरण तव्यावर जळून काळं पडतं, दर तीन-चार पोळ्यांनी ओल्या फडक्याने तवा पुसा. झालेल्या पोळ्या टोपल्यात कपड्यावर आधी एकेक पसरा, वाफ गेल्यावर चळत लावा. तूप वाढताना, ताटात.

आंबील

आदल्या दिवशी ज्वारीवर पाण्याचा हबका मारा, उखळात कांडा, कोंडा पाखडून टाका, वाळवून जाडसर भरडा. चक्कीवर द्यायची असेल तर गव्हाच्या पिठानंतर लगेच टाकू नका, आधीचं पीठ मिसळतं. 750 ग्रॅम रवा दीड लिटर आंबट ताकात रात्री भिजवा. या दिवसांत दहा-बारा तास पुरे. त्याहून जास्त ठेवला की आंबटपणा दाताला लागतो.

सकाळी साडेचार लिटर पाणी उकळा, 30 ग्रॅम मीठ घाला, आणि भिजलेला रवा बारीक धारेने सोडत ढवळत राहा. धार सोडणारी एक, ढवळणारी दुसरी असं असलं तर गुठळ्या होत नाहीत. तरी झाल्याच तर थोडी आंबील बाजूला काढून रवीने घुसळा आणि परत ओता. खोबऱ्याचे काप घालून मंद आचेवर अर्धा तास. कच्च्या पिठाचा वास गेला आणि कण बोटांत चिरडला की झाली. चुलीवर असताना ती पळीवरून सरसर वाहावी. गार झाल्यावर जवळजवळ दीडपट दाटते. काही घरी वरून दूध-साखर, काही घरी नुसती ताकाबरोबर वाढतात. आपल्या घरची रीत असेल तीच ठेवा.

सोळा भाज्या

भाद्रपदात शिवार आणि बाजार दोन्ही भरलेले असतात: कोहळं, लवकी (दुधी), दोडका, पडवळ, कारलं, भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), वालाच्या शेंगा, ढेमसं, कटुलं, तोंडली, काकडी, शेवगा, मक्याची कणसं, चमकोरा (अळू). झाल्या सोळा. एखादी मिळाली नाही तर रताळं किंवा कच्ची केळी घ्या.

सगळ्या एकदम टाकल्या की कोहळ्याचा लगदा होतो आणि गवार कच्ची राहते. पाव किलो तेलात मोहरी, हिंग, हळद, गोडलिंबाची (कढीपत्त्याची) फोडणी करा. आधी गवार, मका, शेवगा, वाल, बरबटी झाकण ठेवून दहा मिनिटं. मग तोंडली, कटुलं, ढेमसं. मग पडवळ, दोडका, लवकी, काकडी. कोहळं शेवटच्या आठ मिनिटांत. भेंडी वेगळ्या कढईत तेलावर परतून चिकटपणा गेल्यावर मिसळा, आणि कारल्याला आधी मीठ चोळून पिळून घ्या. चमकोऱ्याची पानं चिरून चिंचेच्या पाण्यात वेगळी पूर्ण शिजवा. त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी घसा खाजतो, आणि अर्धवट शिजलेल्या एका मूठभर पानांनी सगळा गंज खाजरा होतो. साडेतीन किलो भाजीला 40 ग्रॅम मीठ. कारल्याला चोळलेलं मीठ पिळण्यात जातं, ते यात धरू नका. शेवटी दोन मुठी तिळाचा कूट, तिखट, थोडा गोडा मसाला, गूळ आणि वरून सांबार (कोथिंबीर).

कढी, पंचामृत, वडे

कढीसाठी दही आणि बेसन पाणी न घालता आधी घुसळून एकजीव करा, मग चार लिटर पाणी. पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही आणि आच मोठी करायची नाही. दही एकदम तापलं की फाटतं, बेसन नीट मिसळलेलं असेल तर धरून ठेवतं. उकळी आल्यावर 50 ग्रॅम मीठ, हिरव्या मिरच्या, आलं. तुपात जिरं, मेथीदाणे, हिंग, गोडलिंब अशी फोडणी. नंतर परत खळाखळा उकळू नका, निखाऱ्यावर गरम ठेवा.

पंचामृतात मेथीदाणे करपले तर सगळं कडू होतं, म्हणून मोहरी तडतडल्यावर ते घाला आणि लालसर होताच मिरच्या टाका. मिरच्यांचा रंग बदलला की खोबऱ्याचे काप, चिंचेचा कोळ, अर्धा लिटर पाणी, 15 ग्रॅम मीठ. दहा मिनिटं उकळल्यावर गूळ, मग दोन्ही कूट. कडेने तेल सुटलं की उतरवा. हे दुपारी केलेलं संध्याकाळी जास्त मुरतं.

वड्यांच्या डाळी चार तास भिजवून चाळणीत अर्धा तास निथळा, आणि पाण्याचा थेंब न घालता जाडसर वाटा. ओलं वाटण तेल पितं आणि वडा मऊ पडतो. 28 ग्रॅम मीठ तळायच्या अगदी आधी मिसळा, तेही अर्ध्या-अर्ध्या वाटणात; मीठ लागलेलं वाटण पंधरा मिनिटांत पाणी सोडतं. तेलात वाटणाचा कण टाकल्यावर तो सावकाश वर आला तर आच बरोबर. लगेच उसळून वर आला तर वडा बाहेरून लाल आणि आत कच्चा राहील.

वरणात डाळ शिजल्यावर 45 ग्रॅम मीठ, हळद, हिंग, किंचित गूळ, बस. भात दोन खेपांत लावा. दुसरा गंज पहिली पंगत बसताना चढवायचा, म्हणजे उशिरा आलेल्यांनाही वाफेचा भात मिळतो. कोशिंबिरीत मीठ आणि दही पान वाढायच्या वेळी घाला, आधी घातलं की काकडीचं पाणी होतं.

वाढताना आणि उरल्यावर

पत्रावळ पळसाची असेल तर सकाळीच ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवा, कोरडी पानं घडीवर फाटतात. कढीला दोन द्रोण एकात एक. मीठ, लिंबू, पंचामृत, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. पोळी गरम हातात घेऊन नंतर फिरवा. मीठ पानावर वाढायला विसरू नका, न चाखलेल्या स्वयंपाकात जेवणाऱ्याचा तोच आधार.

उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नका, या हवेत तो सकाळपर्यंत खराब होतो आणि परत गरम केल्यानेही पोट बिघडायचं टळत नाही. रात्रीच वाटून टाका. मिसळ भाजी आणि कढीचंही तसंच. पुरण उरलं तर कढईत पुन्हा पाच मिनिटं परतून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस राहतं. फ्रिज नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याच्या पोळ्या करून संपवा. दुपारी काढलेला कट रात्री झोपण्याआधी एकदा खळखळून उकळा, आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी त्यात चिंच, गूळ, गोडा मसाला, मूठभर पुरण आणि खोबऱ्याचं वाटण घालून आमटी करा. पाच लिटर कटाला 35 ग्रॅम मीठ.